शून्य पेमेंटच्या तोंडावर: पहिल्याच वर्षी काम शोधणाऱ्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

ऑगस्ट २०२४. बी.कॉम.चं पहिलं वर्ष सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. वर्गातले चेहरे अजून ओळखीचे व्हायचे होते, तेवढ्यात एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "मॅडम, मला काम पायजे."

मला वाटलं, फीची अडचण असेल. कमवा व शिकाचा फॉर्म काढायला मी ड्रॉवर उघडला.

"तसलं न्हवं मॅडम. पैसे नाही मिळाले तरी चालतंय. कुठल्यातरी ऑफिसात हिशोबाला बसायचंय."

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवते आणि ओजेटीचं, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचं, समन्वयाचं काम माझ्या गळ्यात आहे. त्यासाठी माझ्याकडे येतात ती तिसऱ्या वर्षाची मुलं, तीही सत्र संपत आल्यावर, आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: मॅडम, सर्टिफिकेट कुठं मिळेल? पहिल्या वर्षाच्या मुलीनं सर्टिफिकेटचं नाव न काढता काम मागावं, हे मला नवीन होतं. म्हणून पुढचं वर्षभर तिचं काय होतंय याकडे लक्ष ठेवलं, वहीत टिपणं केली. त्यावरून हे लिहिते आहे. तिची परवानगी आहे. तिचं, गावाचं आणि दुकानाचं नाव मात्र देत नाही. यात माझ्याही बऱ्याच चुका आहेत, त्या गाळलेल्या नाहीत.

पत्र्याचा डबा

गाव तासगाव तालुक्यातलं. घरची दीड एकर द्राक्षबाग, आणि माल ताजा विकण्यापेक्षा बेदाण्याला घालायची वडिलांची पद्धत. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. तो पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोरेजला ठेवायचा आणि दर बघत बघत वर्षभर थोडा थोडा सौद्याला काढायचा. माल विकला की अडत दुकानातून, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्याकडून, पट्टी मिळते: बॉक्स किती, वजन किती, दर काय निघाला, हमाली, तोलाई, कोल्ड स्टोरेजचं भाडं वगैरे वजा जाता हातात किती. या पट्ट्या वडील बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. सातवी-आठवीपासून त्या डब्याचा हिशोब हिच्याकडे होता. कुठल्या पट्टीचे पैसे आले, कुठल्या पट्टीचे अर्धेच आले, हे घरात फक्त हिला माहीत.

ही गोष्ट ऑगस्टमध्ये मला ठाऊक नव्हती, कारण मी विचारलंच नाही. "काय येतं तुला?" म्हटल्यावर तिनं "एमएस-सीआयटी झालंय" एवढंच सांगितलं आणि मीही तेवढंच लिहून घेतलं. डबा हा अनुभव असू शकतो, हे तिच्याही डोक्यात नव्हतं आणि माझ्याही.

घाई कशाची, हे मात्र मी विचारलं होतं. तिचा मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी बी.कॉम. झाला. फर्स्ट क्लास. चार ठिकाणी मुलाखती दिल्या, चारही ठिकाणी पहिला प्रश्न अनुभवाचा. आता तो एका फायनान्स कंपनीचे थकलेले हप्ते वसूल करत मोटरसायकलवर फिरतो. "दादाला तिसऱ्या वर्षानंतर विचारलं, अनुभव काय. मग दादानं तो कधी घ्यायचा होता?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

सगळीकडून एकच: नंतर ये

नियमाच्या वाटेनं गेलो तर काय दिसतं, ते आधी सांगते. आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा पदवी आराखडा लागू झाला. त्यात ओजेटी आहे. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास. पण ती येते शेवटाकडे. पहिल्या वर्षाला कामाचा अनुभव अभ्यासक्रमात कुठं असेल तर तो बाहेर पडणाऱ्यासाठी: एक वर्ष करून, सर्टिफिकेट घेऊन शिक्षण सोडायचं असेल तर उन्हाळ्यात चार क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. जो राहणार आहे त्यानं थांबायचं. हे वाचून मी स्वतःशीच हसले होते.

सरकारी योजना बघितल्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना त्याच जुलैमध्ये जाहीर झाली होती: सहा महिने काम, बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, पदवीधराला १०,०००. गावात फ्लेक्स लागले होते, तिच्या वडिलांनीच तिला सांगितलं. पण शिक्षण चालू असलेला उमेदवार त्यात बसत नाही. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. तिथं वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिकणारा नको. ही अठरा वर्षांची, रोज वर्गात बसणारी. दोन्ही योजना ज्यांचं शिक्षण संपलंय किंवा सुटलंय त्यांच्यासाठी आहेत. त्यात चूक काही नाही, पण शिकता शिकता काम बघणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य.

राहता राहिली कमवा व शिका. साताऱ्या-सांगलीकडे या तीन शब्दांचं वजन वेगळं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं आमच्याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं ते याच तत्त्वावर. घाम गाळायचा आणि त्यावर शिकायचं. पण कर्मवीरांचा हेतू स्वावलंबनाचा होता, गरिबाच्या पोराला कुणापुढं हात पसरायला लागू नये हा. बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून ती योजना नव्हती. आज आमच्याकडे त्या योजनेतली मुलं ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवतात, बागेला पाणी घालतात. हिनंही सप्टेंबरभर ग्रंथालयात रोज दोन तास काम केलं. थोडे पैसे मिळाले, त्यात एसटीचं भागलं. हिशोबाचं काम मात्र तिथं नव्हतं.

मग मी नेहमीचं हत्यार काढलं: पत्र. ते पत्र आजही माझ्या कॉम्प्युटरवर आहे. "सदर विद्यार्थिनी आमच्या महाविद्यालयात बी.कॉम. भाग १ मध्ये शिकत असून तिला आपल्या कार्यालयात अनुभव घेण्याची संधी द्यावी, ही विनंती." एक वाक्य, खाली माझी सही आणि गोल शिक्का. काय काम, किती दिवस, दिवसाचे किती तास, कुठल्या महिन्यात, यातलं एकही त्यात नाही. मी हे पत्र वर्षानुवर्षं दिलंय आणि कुणीच मला विचारलं नाही की बाई, याचं आम्ही करायचं काय.

ती पाच ठिकाणी गेली. एका सी.ए. ऑफिसात रिसेप्शनवरच्या मुलीनं पत्र ठेवून घेतलं, फोन आला नाही. दुसरीकडे विचारलं, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येतं का? नाही म्हटल्यावर संपलं. एका पतसंस्थेच्या मॅनेजरनी बसवून चहा पाजला आणि सरळ सांगितलं की सभासदांची खाती बाहेरच्याला दाखवता येत नाहीत. हे उत्तर मला आजही योग्य वाटतं. एका शोरूममध्ये काउंटरला उभी राहशील का म्हणाले. तिला ते नको होतं. पाचवे एक करसल्लागार. त्यांनी दोन प्रश्न विचारले: शेवटची एसटी किती वाजता आणि कुठलं वर्ष. "सहाची गाडी आणि पहिलं वर्ष? रिटर्नच्या दिवसांत आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो बाळ. तिसऱ्या वर्षाला ये." या करसल्लागारांचा पुढं संबंध येणार आहे.

आणखी एक प्रकार मधल्या काळात घडला, जो तिनं मला दिवाळीनंतर सांगितला, आणि तोही खाली बघत. मोबाइलवर एक जाहिरात आली होती: घरबसल्या इंटर्नशिप, चार आठवडे, नावाजलेल्या कंपन्यांत चालणारं सर्टिफिकेट, नोंदणी ४९९ रुपये. ग्रंथालयाच्या कमाईतून तिनं ते भरले. काम काय, तर तीच जाहिरात रोज वीस ग्रुपवर पाठवायची आणि किती जण आले ते एका तक्त्यात भरायचं. चौथ्या आठवड्यात सर्टिफिकेट आलं, त्यावर तिच्या नावात वेलांटी चुकलेली. तिनं ते कुणालाच दाखवलं नाही. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या फायलीत अशी सर्टिफिकेटं किती असतील, हे मी त्या दिवसापासून मोजायचं टाळते.

दुकानात

सांगली-तासगावच्या बेदाणा बाजारात दिवाळीच्या आगेमागे सौदे काही आठवडे बंद राहतात. शून्य पेमेंट म्हणतात त्याला. वर्षभर उधारीवर चाललेला व्यवहार त्या मुदतीत मिटवायचा: खरेदीदारानं अडत्याचे पैसे द्यायचे, अडत्यानं शेतकऱ्याचे, आणि खाती शून्यावर आली की नवे सौदे सुरू. बाहेरच्याला वाटतं बाजार बंद आहे. आत मात्र दिवाणजीला, म्हणजे दुकानाचा हिशोब बघणाऱ्याला, मान वर करायला फुरसत नसते.

वडिलांचे दोन पट्ट्यांचे पैसे अडकले होते, आणि एका पट्टीत तिला गडबड दिसत होती. डब्यातल्या वर्षभराच्या पट्ट्या तिनं एका लांब वहीत उतरवल्या: तारीख, बॉक्स, किलो, दर, वजावट, आलेली रक्कम, राहिलेली रक्कम. ती वही घेऊन बापलेक मार्केट यार्डातल्या दुकानात गेले. एकाच थप्पीतला माल दोन वेळा सौद्याला निघाला होता आणि कोल्ड स्टोरेजचं पूर्ण भाडं दोन्ही पट्ट्यांवर लागलं होतं. दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवून वही बघितली, मग आपली वही बघितली. "व्हय, दोनदा लागलंय," म्हणाले. मग वहीची पानं मागं-पुढं करत राहिले.

"ही कुणी लिहिली?"

"मी."

"काय शिकत्यास?"

"बी.कॉम. पहिलं."

दिवाणजींच्या टेबलावर पट्ट्यांचे गठ्ठे होते आणि कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा आजारी म्हणून आठवडाभर आला नव्हता. तिनं इकडं-तिकडं बघितलं आणि जे बोलली ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. "मला पंचवीस तारखेपासून सुट्टी आहे. शून्य पेमेंट होईपर्यंत तुमची खाती मी जुळवून देऊ का? अकरा ते साडेचार."

माझं पत्र तिच्या पिशवीत होतं. काढलंच नाही.

या प्रकरणाचा जीव मला तिच्या त्या बोलण्यात दिसतो. पाच ठिकाणी तिनं "अनुभव द्या" असं मागितलं होतं. देणाऱ्यानं तो शोधायचा, बेतायचा, तिच्यामागं एक माणूस लावायचा. इथं तिनं समोर पडलेल्या कामाचा एक तुकडा बोटानं दाखवला, तो कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे सांगितलं, आणि आपण तो उचलू शकतो याचा पुरावा दिवाणजींच्या हातातच होता. शेठना विचारायची गरजही दिवाणजींना वाटली नाही. "उद्या ये. जमतंय का बघ," एवढंच. पहिल्या वर्षाचं पोर नको असतं ते त्याचं वय कमी म्हणून नव्हे. त्याला काय द्यायचं हे कुणाला सुचत नाही म्हणून.

अर्थात ओळखीचा भाग होता. वडील पंधरा वर्षं त्याच दुकानात माल घालतात. ती अनोळखी असती तर दिवाणजींनी वही उघडली असती का? कदाचित नाही. पण ओळख असूनही हात रिकामे राहतात हेही मी बघितलंय. त्याच वर्गातला एक मुलगा मामाच्या एका फोनवर एका ऑफिसात लागला. दोन महिने झेरॉक्स काढल्या, चहा सांगितला, मोबाइल बघितला. ऑफिसवाल्यांनी मामाला नाही म्हणता आलं नाही म्हणून त्याला खुर्ची दिली, काम दिलं नाही. त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे, छान रंगीत.

घरी आईचा विरोध झाला. यार्डात सगळी पुरुष माणसं, हमाल, ट्रकवाले. तिथं पोरगी बसवायची? वडिलांनी पहिले तीन दिवस स्वतः सोबत जाऊन दुकानासमोर बसून काढले, मग आई निवळली. एसटीचं तिकीट महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं आहे, त्यामुळं सुट्टीत पास नसला तरी रोजचं जाणं-येणं परवडलं. एक गोष्ट मात्र कुणीच विचारात घेतली नाही. दुकानात बायकांसाठी सोय नव्हती. दुपारी एकदा ती चालत मावशीच्या घरी जाऊन यायची आणि बाकी वेळ पाणी कमी प्यायची. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. मी मधे एकदा दुकानात जाऊन आले होते. टॅली कुठलं, टेबल कुठं, उजेड आहे का, सगळं विचारलं. बाई असून हे विचारलं नाही.

बाळू, बाळासो, बाळासाहेब

काम सोपं वाटलं होतं. सौद्याच्या कच्च्या वहीतली नोंद, शेतकऱ्याला दिलेल्या पट्टीची कार्बन प्रत आणि टॅलीतलं खातं, या तिन्हींचा मेळ घालायचा. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आकडे चुकत नाहीत, नावं चुकतात. आमच्याकडे एकाच माणसाला घरात बाळू म्हणतात, सातबाऱ्यावर तो बाळासो असतो आणि बँकेत बाळासाहेब. कच्च्या वहीत दिवाणजी हाक मारतात ते नाव लिहायचे, कॉम्प्युटरवाला पट्टीवरचं टाकायचा, पैसे जाताना बँकेच्या पासबुकावरचं नाव लागायचं. टॅलीत एका शेतकऱ्याची तीन खाती. एकात त्याचं येणं दिसतंय, दुसऱ्यात त्याला जास्त गेलेले दिसतायत, तिसरं नुसतंच उघडं पडलंय. आण्णासो, रावसो, तात्यासो, सगळ्यांची तीच कथा.  

तिनं एक तक्ता केला: गाव, वडिलांचं नाव, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, बँक खात्याचे शेवटचे चार आकडे. जिथं चारही जुळतील तिथं खाती एक करायची. पहिल्या आठवड्यात साठ-सत्तर नावं निकालात निघाली. आजारपणातून परतलेल्या कॉम्प्युटरवाल्या मुलानं तिला टॅलीत लेजर कसं बघायचं, व्हाउचर कसं दुरुस्त करायचं ते शिकवलं. सुरुवातीला कुरकुरत, मग आपलंच काम हलकं होतंय हे बघून मनापासून.

दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडून चूक झाली. एकाच गावातले, एकाच नावाचे दोघे. वडिलांचं नावही एक. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळं दोन चुलतभावांच्या घरांत अशी नावं जुळतात. मोबाइलचा आणि बँक खात्याचा रकाना एकाचा रिकामा होता. चारापैकी दोनच जुळत असताना तिनं घाईत दोन्ही खाती एक केली, आणि एकाचे पैसे दुसऱ्याला जाणाऱ्या यादीत आले. बँकेला यादी जाण्याआधी दिवाणजी प्रत्येक नावावर पेन्सिलनं टिंब देतात. तिथं ते थांबले. "हा अजून माल ठेवून बसलाय कोल्ड स्टोरेजला. याचं पेमेंट कसलं?"

ओरडा बसला नाही. पण पुढचे दोन दिवस तिला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. पट्ट्या तारीखवार लावत बसवलं. तिला रडू आलं होतं, आणि येत नाही असं सांगायचा विचारही आला होता. तिसऱ्या दिवशी दिवाणजींनीच हाक मारली आणि तिचा तक्ता पुढं ठेवला. त्यावर त्यांनी पाचवा रकाना आखला होता: "माल शिल्लक". माझ्या वर्गात "लेखापरीक्षणातली अंतर्गत तपासणी" हा मुद्दा मी पस्तीस मिनिटांत संपवते. पेन्सिलच्या टिंबाइतका तो कुणाला कळला असेल असं मला वाटत नाही.

पैशाचं काहीच ठरलेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी शेठनी पाकिटात ३,००० रुपये आणि एक बॉक्स बेदाणा दिला. घरी कौतुक झालं. मला तो प्रकार पटला नाही, अजूनही पटत नाही. आठवड्याला किती, हे पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. पैसे नको म्हणून काम मागायची सवय मुलांना आम्हीच लावतो आणि मग पाकीट मिळालं की उपकार वाटतो. हे मी तिला बोलले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आधी मागितले असते तर घेतलं नसतं." असेलही. पण म्हणूनच ते तिनं एकटीनं मागायचं नसतं; मधे महाविद्यालय असायला हवं होतं, आणि मी तेव्हा ग्रंथालयाचा फॉर्म हातात घेऊन बसले होते.

या सगळ्याची किंमत तिनं परीक्षेत मोजली. सुट्टी संपल्यावर लगेच सत्र परीक्षा, आणि एका विषयात ती राहिली. एटीकेटी. तो विषय पुढच्या वेळी सुटला, पण भावानं महिनाभर ऐकवलं.

पत्रातल्या चार ओळी

जानेवारीत ती आली, या वेळी पत्र मागायला. माझं नव्हे, दुकानाचं. शेठ म्हणाले होते, "मॅडमकडून लिहून आण, सही करतो." मी सवयीनं टाइप करायला घेतलं: "यांनी आमच्याकडे समाधानकारकरीत्या काम केले." मग हात थांबला. तिला म्हटलं, तूच सांग काय केलंस, मी लिहिते. शेवटी पत्रात चार ओळी झाल्या. कच्ची वही, पट्टी आणि टॅली यांचा मेळ घातला. साधारण एकशे चाळीस शेतकऱ्यांची खाती तपासली, दुबार खाती शोधून एकत्र केली. नावांच्या ओळखीसाठी पाच रकान्यांचा तक्ता तयार केला, जो दुकान आता वापरतं. कालावधी इतके आठवडे, रोज साडेपाच तास. विशेषण एकही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती त्याच करसल्लागारांकडे पुन्हा गेली. ती अजून पहिल्याच वर्षाची होती आणि गाडी अजून सहाचीच होती. त्यांनी पत्र वाचलं आणि दुबार खात्यांबद्दल खोदून खोदून विचारलं. त्यांच्याही व्यापाऱ्यांच्या वह्यांत हाच घोळ होता. आणि या वेळी ती नुसतं काम मागत नव्हती. जीएसटीचा महिना कसा फिरतो, हे तिनं टॅलीवाल्या मुलाकडून समजून घेतलं होतं: महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं विक्रीचं पत्रक ११ तारखेपर्यंत, १४ ला २बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचं पत्रक, येतं, २० पर्यंत ३बी, म्हणजे महिन्याचं कर भरायचं रिटर्न, भरायचं. "१४ ते २० रोज येते. २बी आणि खरेदीची वही जुळवून देते. साडेपाचला निघते, राहिलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येऊन करते."

त्यांनी दिवसाला २५० रुपये ठरवले. आधी ठरवले. हे तिनं मला फोन करून सांगितलं, तेही हसत.

या प्रकरणानंतर मी काय बदललं, ते थोडक्यात. ते एका वाक्याचं पत्र मी द्यायचं बंद केलं. त्याऐवजी एक वही केली आणि गेल्या उन्हाळ्यात दुकानं, सल्लागार, पतसंस्था, एक-दोन कारखाने अशी हिंडून प्रत्येकाला एकच विचारलं: वर्षात तुमची दमछाक कधी होते आणि तेव्हा काय काय पडून राहतं? "आमच्या मुलाला घ्याल का?" विचारल्यावर जी माणसं घड्याळ बघायची, ती या प्रश्नावर अर्धा तास बोलायची. हळदवाले म्हणाले फेब्रुवारी ते मे. सल्लागार म्हणाले जुलैअखेर, सप्टेंबरअखेर आणि महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा. पतसंस्था मार्चएंड, पण तिथं गोपनीयतेचा प्रश्न आहेच. त्यांच्याकडे जुन्या फायलींची यादी करण्याचं काम निघालं. हळदीचा हंगाम आणि आमची परीक्षा एकमेकांवर येतात, त्याला माझ्याकडे अजून उपाय नाही. वहीत प्रत्येक नोंदीसमोर दोन रकाने मी नंतर वाढवले: "मोबदला काय" आणि "मुलींसाठी सोय आहे का". दुसऱ्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी अजून फुली आहे, आणि तिथं मी मुलगी पाठवत नाही.

या वर्षी पहिल्या वर्षाच्या अकरा जणांनी विचारलं. चौघांना तुकडा मिळाला. बाकीच्यांच्या घरात पत्र्याचा डबा काय आहे, हे मी आता आधी विचारते: कुणाचा बाप पिकअप चालवतो आणि डिझेलचा हिशोब पोरगा ठेवतो, कुणाची आई बचत गटाची सचिव आहे आणि वही पोरगी लिहिते.

परवा दिवाणजींचा फोन आला. शून्य पेमेंट जवळ आलंय, ती येणार का? मी म्हटलं, ती आता करसल्लागारांकडे असते, दुसरं कुणी देते. "देवा, पर त्याला तेवढं बाळासोचं सांगून पाठवा."

पाठवायला मुलगा आहे. जतकडचा आहे, आकड्याला पक्का आहे, कच्ची वही वाचता येते. फक्त तो आमच्या वसतिगृहात राहतो आणि वसतिगृह दिवाळीच्या सुट्टीत बंद असतं. रेक्टरांना अर्ज दिलाय. सोमवारी पुन्हा जाऊन बसते.